'प्राइड अँड प्रेज्युडिस' पडद्यावर: दुय्यम पात्रांच्या निवडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायक डार्सी म्हणून कॉलिन फर्थ सरस की मॅथ्यू मॅकफॅडियन, हा वाद इथे नाही. तो बाकी सगळीकडे चालू आहे आणि मिटायची चिन्हं नाहीत. इथे घेतलेत ते कॉलिन्स, शार्लट, मिसेस बेनेट, लिडिया, मेरी, लेडी कॅथरीन यांच्याबद्दलचे प्रश्न. कादंबरी वाचून चित्रपटाकडे वळलेले आणि चित्रपट बघून कादंबरीकडे आलेले, दोघंही हे प्रश्न फिरून फिरून पाठवतात.

जेन ऑस्टिनची ही कादंबरी १८१३ ची. खाली ज्यांचा सारखा उल्लेख येईल त्या आवृत्त्या अशा: एमजीएमचा १९४० चा चित्रपट, बीबीसीची १९९५ ची मालिका, गुरिंदर चढ्ढाचा २००४ चा 'ब्राइड अँड प्रेज्युडिस' आणि जो राइटचा २००५ चा चित्रपट. पुढे त्यांना नुसत्या सालानं ओळखू.

१. जोडी जमली की चित्रपट जमला. मग बाकीच्या पात्रांवर एवढा खल कशाला?

जोडी जमायलाच हवी, त्यात वाद नाही. पण या कादंबरीत प्रेमकथेच्या खाली सतत एक धास्ती वाहत असते: लग्न झालं नाही तर या मुलींचं काय? बेनेट कुटुंबाच्या लाँगबोर्नचं उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, पण ती मालमत्ता फक्त पुरुष वारसाकडे जाणारी. बेनेटना पाच मुलीच. म्हणजे बापाचे डोळे मिटले की घर नात्यातल्या कॉलिन्सचं. आई आणि मुलींच्या नावावर मिळून पाच हजार पौंड, आणि त्याच्या व्याजावर सहा जणींनी राहायचं.

ही धास्ती त्या पाचांतल्या एलिझाबेथच्या तोंडावर फारशी दिसत नाही, कारण ती नायिका आहे आणि हुशार आहे. ती दिसते तिच्या मैत्रिणीत, शार्लटमध्ये, आणि आईत, मिसेस बेनेटमध्ये. या दोघी नुसत्या हसवण्यापुरत्या निवडल्या की धास्ती गळून पडते आणि उरतो तो छान कपड्यांतला लग्नसोहळा. म्हणून नवं रूपांतर आलं की मी आधी शार्लट कोणाला दिलीय ते बघते. डार्सी नंतर.

२. १९९५ ची तर मालिका आहे. तिला चित्रपटांच्या पंगतीत कसं बसवता?

कारण पुढच्या प्रत्येक चित्रपटाची तुलना तिच्याशीच होते. फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. मालिका सहा भागांची, पाच तासांहून मोठी. २००५ चा चित्रपट दोन तासांच्या थोडा वर. मालिकेतल्या दुय्यम नटाला हळूहळू उलगडायला वेळ मिळतो. चित्रपटातल्याला दारातून आत येताच कळावं लागतं की हा कोण. त्यामुळे चित्रपटात चेहरा, उंची, आवाज यांच्या जोरावर निवड जास्त होते. हे ध्यानात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

३. कॉलिन्स नेहमी चाळिशीचा आणि बावळट का असतो? कादंबरीतही तसाच आहे का?

बावळट आहे, चाळिशीचा नाही. कादंबरीतला कॉलिन्स पंचवीस वर्षांचा आहे. उंच, जडसर अंगाचा, तोंडावर गांभीर्य आणून वावरणारा. आता पडद्यावर बघा. १९४० मध्ये मेल्विल कूपर, वय ४३. १९९५ मध्ये डेव्हिड बॅम्बर, चित्रीकरणाच्या वेळी चाळिशीला टेकलेला. २००५ मध्ये टॉम हॉलंडर, सदतिशीच्या आसपासचा आणि चांगलाच बुटका. म्हणजे वयही उलटं आणि उंचीही.

असं का करतात ते उघड आहे. थोराड किंवा ठेंगणा माणूस एलिझाबेथसमोर गुडघ्यावर बसला की हशा आपोआप येतो. पण त्या हशाची किंमत मोजावी लागते. कादंबरीतला कॉलिन्स कागदावर चांगलं स्थळ आहे: तरुण, पाद्री म्हणून पक्की नोकरी, राहायला घर, डोक्यावर लेडी कॅथरीन या बड्या बाईचा हात, आणि पुढेमागे लाँगबोर्नही त्याचंच. 'मुलात खोट काय आहे?' असं मिसेस बेनेटनं विचारलं तर उत्तर देणं सोपं नाही. एलिझाबेथ नाही म्हणते ती केवळ त्याच्या स्वभावाला, आणि त्या नकारात आई-बहिणींच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लागतं. नट चाळिशीचा घेतला की प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून तिच्या बाजूला. नकारात जोखीम काही उरत नाही.

बॅम्बरचा कॉलिन्स म्हणजे चापून बसवलेले केस, घामेजलेला चेहरा, कमरेतून वाकून केलेले नमस्कार आणि संपता न संपणारी वाक्यं. किळस यावी असाच बेत आहे आणि तो फत्ते होतो. हॉलंडरनं दुसरी वाट धरली. जेवणाच्या टेबलावर तो उकडलेल्या बटाट्यांचं कौतुक करतो तेव्हा कोणालाच काय बोलावं सुचत नाही, आणि त्या शांततेत हा माणूस किती एकटा आहे ते कळतं. मागणी घालताना टेबलावर तो एवढंसं फूल काढून ठेवतो. डार्सीचा मित्र बिंग्ली याच्या घरी, नेदरफील्डच्या नाचात डार्सीच्या पाठीमागे उभा राहून त्याचं लक्ष वेधायची त्याची खटपट, आणि डार्सीच्या खांद्याखालीच राहणारं त्याचं डोकं, हे दृश्य उंचीच्या फरकाशिवाय जमलंच नसतं. मला स्वतःला हॉलंडर जास्त आवडतो. पण तो ऑस्टिनचा नाही, जो राइटचा कॉलिन्स आहे.

४. १९४० च्या चित्रपटात कॉलिन्स ग्रंथपाल आहे. हा बदल कशासाठी?

हॉलिवूडची तेव्हाची आचारसंहिता. धर्मगुरूची पडद्यावर टिंगल करायची नाही, असा त्यात नियम होता. कॉलिन्सची टिंगल टाळणं तर अशक्य. मग त्याला लेडी कॅथरीनच्या घरचा ग्रंथपाल करून टाकला. विनोद शाबूत राहिला, पण पाद्रीपद बड्या माणसाच्या मर्जीनं मिळतं आणि म्हणून पाद्री लाचार होतो, हा ऑस्टिनचा चिमटा गेला. ती स्वतः पाद्र्याची मुलगी होती, हे आठवलं की तो चिमटा आणखी बोचतो.

५. 'मी सत्तावीस वर्षांची आहे, माझ्याकडे पैसा नाही' हे शार्लटचं बोलणं पुस्तकात कितीही शोधलं तरी सापडत नाही. कुठल्या प्रकरणात आहे?

कुठल्याच नाही. ते २००५ च्या पटकथेतलं आहे. क्लॉडी ब्लेकली झोपाळ्याजवळ एलिझाबेथला गाठते आणि सांगते की मी आईबापांवर ओझं झालेय, मला भीती वाटते, तू मला नावं ठेवू नकोस. या चित्रपटात ज्यांना काहीच आठवत नाही त्यांनाही हे आठवतं.

कादंबरीतली शार्लट भीती बोलून दाखवत नाही. ती फक्त एवढंच म्हणते की मी कधीच स्वप्नाळू नव्हते, मला एक सुखाचं घर पुरे. वय तिथेही सत्तावीसच, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं घोडनवरी, आणि दिसायला साधी. तिचं शहाणपण पुढे कॉलिन्सशी लग्न केल्यावर तिच्या संसारात दिसतं. हन्सफर्डच्या घरी ती स्वतःच्या बसण्यासाठी मागची खोली निवडते, कारण समोरची चांगली खोली घेतली असती तर नवरा सारखा तिथे येऊन बसला असता. त्याला बागकामाचा नाद लावते, म्हणजे तेवढा वेळ तो घराबाहेर. १९९५ च्या लुसी स्कॉटनं ही शार्लट अचूक पकडलीय: चेहरा शांत, आवाज सपाट, डोळ्यांत हिशेब. तिच्याकडे बघताना वाईट वाटावं की कौतुक, हे ठरत नाही, आणि ते न ठरणंच ऑस्टिनला हवं होतं.

ब्लेकली रडवते, स्कॉट विचारात पाडते. दोन तासांच्या चित्रपटात खोल्यांचा आणि बागेचा खेळ मांडायला जागा नव्हती, म्हणून भीती थेट तोंडी आणली. नाइलाज म्हणा, पण भूमिकेला वजन देणारी नटी घेतली म्हणून तो पेलला. कॉलिन्स कसा निवडलाय यावर शार्लटचा निर्णय किती भयानक वाटतो हेही ठरतं, त्यासाठी प्रश्न ३ पाहा.

६. मिसेस बेनेट: ॲलिसन स्टेडमन की ब्रेंडा ब्लेथिन?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. गंमत अशी की दोघींचा जन्म १९४६ चा आणि दोघीही माइक ली या दिग्दर्शकाच्या मुशीतून आलेल्या. १९९५ ची स्टेडमन 'अबिगेल्स पार्टी'तली, २००५ ची ब्लेथिन 'सीक्रेट्स अँड लाइज'मधली. पण मिसेस बेनेट करताना स्टेडमन अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि ब्लेथिन अठ्ठावन्नची, कारण मध्ये दहा वर्षं गेली.

कादंबरीत बेनेटांच्या लग्नाला तेवीस वर्षं झालीत. म्हणजे ही बाई चाळिशी-पंचेचाळिशीतली, आणि अजून देखणी. पहिल्याच प्रकरणात नवरा तिला टोमणा मारतो की पोरींबरोबर तू जाऊ नकोस, बिंग्लीला तूच आवडायचीस. टोमणा असला तरी निराधार नाही. याच रूपावर भाळून त्यानं लग्न केलं आणि आता पस्तावतोय, ही कादंबरीतली एक महत्त्वाची मेख आहे. त्या दृष्टीनं स्टेडमन वयानं जवळची.

तिच्यावरचा आक्षेप आवाजाचा. तोंडाचा पट्टा सुरू झाला की काही प्रेक्षक टीव्हीचा आवाज कमी करतात. मला तो आक्षेप पटत नाही. ती असह्य व्हायला हवी, तरच नेदरफील्डच्या जेवणात ती मोठ्यानं बरळते तेव्हा एलिझाबेथनं मान खाली घालणं आणि डार्सीनं नाक मुरडणं कळतं. ब्लेथिनची मिसेस बेनेट मवाळ आहे. चित्रपटात एका प्रसंगी ती लिझीला, म्हणजे एलिझाबेथला, सुनावते की तुला पाच मुली झाल्या म्हणजे कळेल मला दुसरं काही का सुचत नाही. हेही वाक्य कादंबरीतलं नाही, पण मागची गोष्ट खरी आहे. पाच पोरी उजवायच्या आहेत आणि नवरा ग्रंथालयाचं दार लावून बसलाय.

१९४० मधली मेरी बोलंड यांच्या आधीची. तिचा सगळा भर प्रहसनावर, आणि त्या चित्रपटाच्या एकूण सुराला तेच शोभतं.

७. डोनाल्ड सदरलँडचा मिस्टर बेनेट एवढा प्रेमळ का वाटतो?

२००५ मध्ये तसाच बसवलाय म्हणून. शेवटी लग्नाला होकार देताना त्याचे डोळे भरून येतात आणि प्रेक्षक त्याला सगळं माफ करून टाकतात. कादंबरी माफ करत नाही. धाकटी लिडिया विकम या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून जाते त्यात बापाच्या आळसाचा वाटा आहे, हे ऑस्टिन स्पष्ट दाखवते. १९९५ चा बेंजामिन व्हिट्रो मिश्कील आहे आणि थोडा निष्ठुरही. तो जास्त बरोबर.

८. लिडिया पंधरा वर्षांची, आणि नट्या मात्र मोठ्या. एवढा फरक चालतो?

आकडेच बघा. १९९५ ची लिडिया ज्युलिया सवाल्हा, जन्म सप्टेंबर १९६८. तिची 'मोठी' बहीण एलिझाबेथ म्हणजे जेनिफर इली, जन्म डिसेंबर १९६९. म्हणजे धाकटी थोरलीपेक्षा वर्षानं मोठी. २००५ मध्येही तेच: लिडिया झालेली जीना मलोन नोव्हेंबर १९८४ ची, एलिझाबेथ झालेली किरा नाइटली मार्च १९८५ ची. दोन्ही वेळा बघताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही, यात नट्यांचं आणि त्यांना निवडणाऱ्यांचं कसब आहे.

कादंबरीतली लिडिया अंगानं थोराड, आणि सगळ्या बहिणींत धाकटी असून उंचीनं सगळ्यांत मोठी. ती लहान दिसत नाही म्हणूनच लष्करी अधिकारी तिच्याभोवती घोटाळतात. त्यामुळे थोडी मोठी नटी घेणं कादंबरीला सोडून नाही. सवाल्हाची अडचण वेगळी आहे. ती इतकी आत्मविश्वासानं खिदळते की विकमबरोबर पळणं हा तिचा पराक्रम वाटतो. मलोन लग्न करून घरी परतते आणि जेवताना बोटातली अंगठी मिरवते तेव्हा पोटात खड्डा पडतो, कारण ती खरोखर पोर वाटते. पंधरा-सोळाची मुलगी आणि तिच्याहून बारा-एक वर्षांनी मोठा फसवा माणूस, हे गणित तिथे दिसतं.

९. मेरीला मुद्दाम कुरूप का करतात?

कादंबरीत पाच जणींत तीच एक दिसायला सामान्य, असं म्हटलंय. सामान्य म्हणजे कुरूप नव्हे. पण नटीच निवडायची म्हटलं की सामान्य चेहरा सापडणं मुश्कील, मग रंगभूषाकाराला कामाला लावतात. १९४० मध्ये मार्शा हंटला चष्मा चढवला आणि बेसूर गायला लावलं. १९९५ मध्ये लुसी ब्रायर्सचे केस तेलकट, चपटे करून तिचा चेहरा ओढला. २००५ ची टलूला रायली मुळात सुरेख. तिथे रूपाऐवजी एकलेपणावर भर दिला.

नाचाच्या रात्री सगळ्यांसमोर अपमान झाल्यावर मेरी रडत असते आणि बाप तिला जवळ घेतो, असा एक ओझरता प्रसंग २००५ मध्ये आहे. काही सेकंदांचाच. पुस्तकात तो नाही, तिथे बाप तिला चारचौघांत गप्प करतो आणि प्रकरण तिथेच संपतं. सोळा-सतरा ओळींच्या भूमिकेला तोंड असलेली नटी घेतली की दिग्दर्शकाला अशा जागा दिसायला लागतात.

१०. रूपांतरात कोणकोण गाळलं जातं? किटी कुठे गेली?

'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये बेनेटांच्या जागी असलेल्या बक्षींना चारच मुली आहेत: जया, ललिता, माया, लाखी. पाच बहिणींतली किटी गायब. तिथे तिची उणीव जाणवत नाही, कारण कादंबरीतही किटी लिडियाच्या मागे फरफटत जाते. २००५ मध्ये किटी आहे, आणि ती केलीय कॅरी मलिगननं. तिचा तो पहिलाच चित्रपट. आज बघताना नजर सारखी कोपऱ्यात खिदळणाऱ्या त्या मुलीकडे जाते, तेव्हा जात नव्हती.

२००५ मधून बिंग्लीची दुसरी बहीण मिसेस हर्स्ट आणि तिचा खाऊन झोपणारा नवरा दोघंही वगळलेत. १९४० मध्ये तर डार्सीच्या घरची, पेम्बर्लीची, अख्खी भेटच नाही. डार्सीच्या घरची कारभारीण त्याच्याबद्दल चांगलं बोलते आणि एलिझाबेथचं मत फिरू लागतं, तो दुवाच तिथे निखळला. एका नोकराणीच्या भूमिकेवर कथेचा केवढा भार असू शकतो त्याचा हा नमुना.

गार्डिनर मामामामींबद्दलही विचारणा होते. कादंबरीत मामी मिसेस बेनेटपेक्षा बऱ्याच वर्षांनी लहान आहे, म्हणजे एलिझाबेथची मैत्रीण शोभेल अशी. २००५ मध्ये ती पेनेलोपी विल्टन, जन्म पुन्हा १९४६ चाच. नणंद-भावजय एका वयाच्या. अभिनय झकास, पण नात्याची जात बदलली.

११. लेडी कॅथरीन १९४० च्या चित्रपटात शेवटी चांगली कशी निघते?

तिथे एडना मे ऑलिव्हर या लोकप्रिय चरित्र अभिनेत्रीला घेतलं होतं आणि शेवट फिरवला. डार्सीची मावशी लेडी कॅथरीन एलिझाबेथला त्याच्याशी लग्न करू नको म्हणून धमकावते खरी, पण ती असते परीक्षा. बाहेर गाडीत डार्सी थांबलेला असतो आणि ही त्याला सांगते की पोरगी खमकी आहे, तुला हवी तशीच. ऑस्टिनच्या कथेला याच्याइतकं उलटं वळण दुसऱ्या कोणी दिलं नसेल. कादंबरीत लेडी कॅथरीनमुळेच लग्न जमतं, पण तिच्या इच्छेविरुद्ध. सगळी गंमत त्यातच आहे.

अंगकाठीनं मात्र ऑलिव्हर बरोबर होती. पुस्तकातली लेडी कॅथरीन उंच, धिप्पाड आणि ठसठशीत नाकाडोळ्यांची. २००५ ची जूडी डेंच जेमतेम पाच फुटांची, तरी ती खोलीत आली की बाकीचे आपोआप लहान होतात. तिचं येणं रात्रीचं दाखवलंय, घरातले सगळे झोपायच्या कपड्यांत. कादंबरीत ती सकाळी येते आणि बोलणं बाहेर झाडीत होतं. बसक्या अंगाच्या नटीला मोठं करायला कंदिलाचा उजेड आणि गोंधळलेलं घर कामी आलं, असं मला वाटतं.

१२. विकम डार्सीपेक्षा देखणा हवा का?

पहिल्या भेटीत तरी हवा. सगळं गाव त्याच्यावर भाळतं आणि एलिझाबेथसारखी चाणाक्ष मुलगी त्याच्या थापा खऱ्या मानते. तो बेताचा असला तर तीच मूर्ख ठरते. २००५ चा रुपर्ट फ्रेंड रूपानं शोभतो, पण त्याला वाट्याला आलेले प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. १९९५ चा एड्रियन लूकिस फर्थपेक्षा वयानं थोडा मोठा होता, तरी गोड बोलून विश्वास कमावण्यात तरबेज. त्याला वेळ मिळाला म्हणून ते जमलं (प्रश्न २).

१३. 'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये सोनाली कुलकर्णी नेमकी कोण आहे?

शार्लट. तिथे तिचं नाव चंद्रा. कथा अमृतसरची, ऐश्वर्या राय ललिता म्हणजे एलिझाबेथ, आणि जया म्हणजे थोरली बहीण जेन झालीय नम्रता शिरोडकर. जुन्या मराठी चित्रपटांतल्या अभिनेत्री मीनाक्षी शिरोडकरांची ती नात, तेव्हा मराठी वाचकांना या चित्रपटात ओळखीचे चेहरे दोन.

कॉलिन्सच्या जागी आहे कोहली, लॉस एंजेलिसचा अकाउंटंट, नितीन गणात्रानं रंगवलेला. अमेरिकेचे गोडवे गाणारा, तोंडात घास असताना बोलणारा एनआरआय नवरदेव. इंग्लिश पाद्र्याला इतका चपखल भारतीय पर्याय दुसऱ्या कोणाला सुचला नसता. बक्षी बहिणी त्याच्यावर अख्खं गाणं रचून टिंगल करतात.

सोनाली कुलकर्णीच्या वाट्याला जागा थोडी, पण निवड विचारपूर्वक वाटते. तिच्या चेहऱ्यावर मुळातच समजूतदारपणा आहे. चंद्रा कोहलीशी लग्न करते तेव्हा ती फसली असं वाटत नाही. तिनं पाहून-सवरून पत्करलंय असं वाटतं. या चित्रपटात कोहलीही पुढे बराच सुसह्य होतो, त्यामुळे शार्लटची शोकांतिका इथे नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांतून गेलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जणींना हीच शार्लट सगळ्यांत ओळखीची वाटते, असं त्या कळवतात. मला ती जरा जास्तच सुखी वाटते. पण आनंदी गाण्या-नाचाच्या चित्रपटात याहून वेगळं काय करणार?

१४. या नट-नट्यांमध्ये खरी नातीगोती आहेत म्हणतात. खरं का?

१९९५ च्या मालिकेत बरीच. मामी झालेली जोआना डेव्हिड ही डार्सीची बहीण जॉर्जियाना झालेल्या एमिलिया फॉक्सची खरी आई. जेन झालेल्या सुझाना हार्करची आई पॉली ॲडम्स, तिनं बीबीसीच्याच १९६७ च्या मालिकेत जेन केली होती. बिंग्लीची बहीण कॅरोलाइन झालेली ॲना चान्सलर ही जेन ऑस्टिनच्या भावाच्या, एडवर्डच्या, वंशातली. यामुळे भूमिका मिळाल्या असं समजू नका. इंग्लंडात रंगभूमीवरची घराणी आपल्याकडच्यासारखीच आहेत.

१५. अभिजात कादंबरीत कृष्णवर्णीय किंवा आशियाई नट घेतले तर ते काळाशी विसंगत नाही का?

चष्म्यातली मेरी, बुटका कॉलिन्स, अठ्ठावन्न वर्षांची मिसेस बेनेट आपण बिनतक्रार स्वीकारतो. मग वर्णापाशीच अडायचं कारण काय? आर्मांडो यानुचीच्या २०१९ च्या डेव्हिड कॉपरफील्डमध्ये नायक देव पटेल आहे आणि त्याच्या मित्राची, गोऱ्या स्टीअरफोर्थची, आई कृष्णवर्णीय निकी अमुका-बर्ड. रक्ताची नाती वर्णानं जुळवायचीच नाहीत, हे तिथे पहिल्यापासून ठरलेलं आहे, त्यामुळे दहा मिनिटांत डोळा सरावतो. हीच नटी ऑस्टिनच्याच कादंबरीवरच्या २०२२ च्या 'पर्सुएशन'मध्ये लेडी रसेल आहे आणि त्या वादग्रस्त चित्रपटात सर्वांत कमी टीका तिच्या वाट्याला यावी इतकी नीट.

अडचण येते ती मध्येच नियम बदलला तर. कथा वर्णभेदावर बोट ठेवणारी असेल तर कोण कोणत्या वर्णाचं हे दिग्दर्शकाला ठरवावंच लागतं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' तशी कथा नाही. तिच्यात भेद आहे तो जमीनजुमल्याचा आणि घराण्याचा.

१६. दुय्यम भूमिकांसाठी नट कोण निवडतं? त्याला पुरस्कार वगैरे असतात का?

कास्टिंग डायरेक्टर नावं शोधतो, ऑडिशन घेतो, दिग्दर्शकासमोर पर्याय ठेवतो. शेवटचा शब्द दिग्दर्शक-निर्मात्याचा. २००५ च्या चित्रपटासाठी हे काम जीना जे यांनी केलं. पाच बहिणींसारखं कुटुंब असलं की एकेकीला वेगळं निवडून भागत नाही, पाचही जणी एका चौकटीत बसवून बघाव्या लागतात. बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट अकादमीनं कास्टिंगसाठी पुरस्कार २०२० पासून सुरू केला, ऑस्करनं २०२५ च्या चित्रपटांपासून. फार उशीर झाला.

१७. झोम्बींच्या चित्रपटातला कॉलिन्स धरायचा का? आणि नव्या नेटफ्लिक्स मालिकेचं काय?

धरा की. २०१६ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झोम्बीज'मध्ये मॅट स्मिथ कॉलिन्स आहे, चित्रीकरणाच्या वेळी बत्तीस-एक वर्षांचा आणि उंच. आचरटपणा भरपूर करतो, पण वय आणि अंगकाठी पाहता मोठ्या पडद्यावरच्या इंग्रजी कॉलिन्सांमध्ये पुस्तकाला सगळ्यांत जवळचा हाच. मढी उकरून निघणाऱ्या चित्रपटाला जे जमलं ते बाकीच्यांना का जमू नये, हा प्रश्न मीच उलट विचारते.

नेटफ्लिक्सनं २०२५ मध्ये जाहीर केलेल्या सहा भागांच्या मालिकेत मिसेस बेनेट ऑलिव्हिया कोलमन आहे, लेडी कॅथरीन फिओना शॉ आणि कॉलिन्स जेमी डिमिट्रिऊ. डिमिट्रिऊचा जन्म १९८७ चा. म्हणजे कॉलिन्स पुन्हा सदतिशीच्या आसपासचाच.